ते तीस डॉलर घ्यावेत का?

न्यू जर्सीतून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

"ताई, दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात माझं मिसकॅरेज झालं. भारतात आम्ही कोणालाच कळवलं नव्हतं. त्या दिवसांत रात्र रात्र झोप लागायची नाही. मी पैसे भरून एका व्हिडिओ सेवेचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि गरोदरपण, बाळ गमावल्यानंतरचं दुःख, पुन्हा दिवस राहण्याबद्दल डॉक्टर काय सांगतात, असं काय काय बघत बसायचे. थोड्याच दिवसांत फेसबुकवर पाळण्यांच्या आणि बाळाच्या कपड्यांच्या जाहिराती यायला लागल्या. एकदा नणंद शेजारी बसली होती. माझ्या फोनकडे बघून ती म्हणाली, 'काय वहिनी, गोड बातमी आहे का?'

"आता त्याच सेवेबद्दल ईमेल आला आहे. कोणी काय पाहिलं ही माहिती त्यांनी फेसबुकला पुरवली असा क्लास अ‍ॅक्शन दावा झाला होता, त्यात सेटलमेंट होत आहे, आणि फॉर्म भरला तर मला अंदाजे ३० डॉलर मिळतील. नवरा म्हणतो, ही फसवणूक असणार, आणि खरं असलं तरी कोर्टाच्या भानगडीत पडू नकोस, आपलं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. शिवाय आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? त्या रात्री मी काय बघत होते हे त्याला माहीत नाही. मी वाचलं की कायद्यात २,५०० डॉलर लिहिलेत, मग हे ३० कसले? हे घेतले तर मी ते दुःख विकलं असं होईल. नाही घेतले तर त्यांना फुकट सोडलं असं होईल. मेल उघडून बंद करते, असे तीन आठवडे गेले. पुण्यातला भाऊ तीच सेवा वापरतो, तो विचारतो मलाही मिळतील का. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

नणंदेचं ते वाक्य वाचून मी पत्र थोडा वेळ खाली ठेवलं. जे तुम्ही स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं, ते तुमच्या हातातला फोन असा मध्येच बोलून गेला. वर तुम्हालाच हसून वेळ मारून न्यावी लागली असेल. झाला तो त्रास खरा आहे, आणि तीस डॉलरांच्या हिशेबात तो मावत नाही हे तुमचं म्हणणंही खरं आहे.

पण तीन आठवडे तुम्ही दोनच पर्यायांमध्ये अडकला आहात: पैसे घेऊन विकणं किंवा न घेऊन सोडून देणं. तुमच्यासमोर प्रत्यक्षात याहून जास्त वाटा आहेत. आणि ज्या वाटेवर तुम्ही सध्या उभ्या आहात, म्हणजे काहीच न करण्याच्या, तिचाही एक परिणाम आहे. तो तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही.

आधी भीतीचं बोलू. आपल्याकडे नोटीस आली म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण नोटीस म्हणजे आपल्यावर कोणीतरी काहीतरी केलं. इथे उलट आहे. एकाच कंपनीने हजारो लोकांचं सारखंच, थोडंथोडं नुकसान केलं, तर प्रत्येकाने वेगळा वकील करणं परवडत नाही. मग दोन-चार जण सगळ्यांच्या वतीने दावा लावतात आणि बाकीचे सगळे आपोआप त्या गटात धरले जातात. हाच क्लास अ‍ॅक्शन. तडजोड, म्हणजे सेटलमेंट, झाली की ती गटातल्या प्रत्येकाला कळवायची, असा अमेरिकी फेडरल कोर्टांचा नियम आहे. तुम्हाला आलेला मेल खरा असेल तर तो त्यासाठीच आला आहे. कोर्टात तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही.

आता तो खरा आहे का. तुमच्या यजमानांचा संशय मला अजिबात चुकीचा वाटत नाही, कारण अशाच मेलची नक्कल करून लुबाडणारेही आहेत. म्हणून मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. खऱ्या नोटिशीत खटल्याचं नाव, कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन थेट कोर्टाच्या क्लार्कच्या कार्यालयात विचारता येतं, किंवा फेडरल खटला असेल तर पेसर नावाच्या सरकारी नोंदसेवेत शोधता येतं. सेटलमेंटच्या वेबसाइटचा पत्ता कोर्टाने मंजूर केलेल्या नोटिशीत असतो, तो ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. फॉर्म भरण्यासाठी फी मागितली, बँकेचा पासवर्ड मागितला, गिफ्ट कार्ड आणायला सांगितलं, तर तिथेच थांबा. एवढ्या लहान रकमेच्या क्लेमला पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबरही सहसा लागत नाही. नाव, पत्ता, ईमेल, नोटिशीवरचा क्लेम क्रमांक आणि पैसे चेकने हवेत की एखाद्या पेमेंट अ‍ॅपवर, साधारण एवढंच विचारतात. तुमच्यासारख्या खटल्यांत त्या काळात तुमचं फेसबुक खातं होतं का, हेही विचारतात. मात्र खाली सही करताना लिहिलेलं सगळं खरं आहे अशी शपथ असते. म्हणून जे आठवत नाही ते अंदाजाने भरू नका, आणि खातं तुमच्या नावावर असेल तर फॉर्मही तुमच्याच नावाने भरा.

तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण भीती ओळींमधून दिसते: काय काय पाहिलं याची यादी द्यावी लागेल का? नाही. व्हिडिओंची नावं असे फॉर्म मागत नाहीत. कोर्टाच्या कागदांत नावं येतात ती दावा लावणाऱ्या दोन-चार जणांची, क्लेम भरणाऱ्या हजारोंची नव्हे.

ग्रीन कार्डाचं म्हणाल तर अशा क्लेम फॉर्मवर व्हिसा कुठला हा प्रश्न नसतो आणि गटात असण्यासाठी नागरिक असावं लागत नाही. ही सरकारी मदतही नाही. एका खासगी कंपनीने तिच्या ग्राहकांना दिलेली ही भरपाई आहे. मनाची खात्री हवी असेल तर तुमची फाइल बघणाऱ्या इमिग्रेशन वकिलाला दोन ओळींचा मेल टाका. पण या एका भीतीपायी आपली माणसं दुकानातली चुकीची पावतीसुद्धा परत करत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे, आणि दर वेळी जीव कळवळतो.

'लपवण्यासारखं आहे तरी काय?' या प्रश्नापाशी मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण ज्या कायद्याखाली असे खटले चालतात तो याच प्रश्नातून जन्मला. १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी रॉबर्ट बोर्क या न्यायाधीशांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं. अमेरिकी राज्यघटनेत खासगीपणाचा सर्वसाधारण हक्क नाही, असं मानणारे ते गृहस्थ. वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाच्या पत्रकाराने त्यांच्या व्हिडिओ दुकानात जाऊन बोर्क कुटुंबाने भाड्याने नेलेल्या १४६ कॅसेटची यादी मिळवली आणि छापली. यादीत वावगं काही नव्हतं, चारचौघांनी बघावेत असेच सिनेमे होते. तरीही दोन्ही पक्षांच्या खासदारांना ते वाचून अस्वस्थ वाटलं आणि १९८८ मध्ये व्हिडिओ प्रायव्हसी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आला. सही रेगन यांचीच. यादीत वाईट काही आहे का, हे त्या कायद्याने विचारलंच नाही. आपण घरात बसून काय पाहिलं हे आपल्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, एवढंच त्याने म्हटलं.

पुढे कॅसेट गेल्या, इंटरनेट आलं, पण प्रश्न तोच राहिला. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने एक स्पर्धा जाहीर केली आणि त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी सिनेमांना दिलेले १० कोटी गुण, नावं काढून, खुले केले. टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की नावं काढली तरी त्यातली माणसं ओळखता येतात. २००९ मध्ये ओहायोतल्या एका आईने नाव गुप्त ठेवून दावा लावला. ती समलिंगी होती आणि हे तिने बाहेर सांगितलेलं नव्हतं. आपण काय बघतो यावरून ते उघड होईल आणि त्याची झळ मुलांना बसेल, अशी तिची भीती होती. २०१० मध्ये तो दावा तडजोडीत मिटला आणि नेटफ्लिक्सने पुढची स्पर्धा रद्द केली. त्या आईने गुन्हा केला नव्हता, तुम्हीही केला नाही. कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे तुमचं तुम्हाला ठरवायचं होतं. लपवणं वेगळं आणि अजून न सांगणं वेगळं. यजमानांशी बोलाल तेव्हा हा फरक त्यांच्यासमोर ठेवून बघा.

आता २,५०० आणि ३० चं गणित. कायद्यात २,५०० डॉलरचा उल्लेख आहे हे खरं. पण तो आकडा दावा जिंकल्यावरचा, आणि जिंकणं सोपं नाही. हुलू या व्हिडिओ सेवेवर २०११ मध्ये असाच दावा झाला. फेसबुकच्या लाइक बटणातून प्रेक्षकांनी काय पाहिलं ते फेसबुकला कळतं, असा आरोप होता. चार वर्षं चालून २०१५ मध्ये न्यायाधीशांनी हुलूच्या बाजूने निकाल दिला. फेसबुक हे धागे जोडेल हे हुलूला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही. प्रेक्षकांना एक पैसाही मिळाला नाही. तुमच्या न्यू जर्सीतूनच वर गेलेल्या निकलोडियन या मुलांच्या वाहिनीच्या खटल्यात २०१६ मध्ये थर्ड सर्किट या अपील कोर्टाने म्हटलं की दिलेल्या माहितीवरून सामान्य माणसाला प्रेक्षक ओळखता आला पाहिजे, तरच कायदा मोडला असं होईल. न्यूयॉर्कच्या सेकंड सर्किट या अपील कोर्टानेही २०२५ मध्ये तीच कसोटी धरली आणि पिक्सेलमधून गेलेली संगणकी अक्षरांची माळ सामान्य माणसाला वाचता येणार नाही म्हणून दावा फेटाळला. पिक्सेल म्हणजे पानात दडवलेला छोटासा कोड. तुम्ही व्हिडिओ लावला की तो व्हिडिओचं नाव आणि तुमच्या फेसबुक खात्याचा क्रमांक एकत्र पाठवू शकतो. सामान्य माणसाला ती माळ वाचता येत नाही, पण जिच्यासाठी पाठवली जाते त्या कंपनीला येते, आणि तिलाच तर ती पाठवलेली असते! हा निकाल मला पटत नाही. पण निकाल असे लागत असताना वकील हातात येईल ते घेऊन तडजोड का करतात, हे मला समजतं.

शिवाय तडजोडीची रक्कम सगळ्यांत वाटली जाते. आधी वकिलांची फी, साधारण पाव ते एक तृतीयांश, मग नोटिसा पाठवण्याचा खर्च, आणि उरलेले पैसे फॉर्म भरणाऱ्यांमध्ये. क्रंचीरोल या जपानी अ‍ॅनिमेशन दाखवणाऱ्या सेवेने २०२३ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर दिले, तिथेही माणशी अंदाज तीसच्या आसपास होता. त्याआधी नेटफ्लिक्सवर आणखी एक खटला झाला होता. सोडून गेलेल्या ग्राहकांनी काय पाहिलं याची नोंद कंपनी जपून ठेवते, अशी तक्रार होती. ९० लाख डॉलरांची तडजोड झाली. वकिलांना मिळाले, खासगीपणासाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळाले, सामान्य ग्राहकाला काहीही नाही. मात्र सोडून गेलेल्यांची ओळख त्यांच्या पाहण्याच्या नोंदींपासून वेगळी करण्याचं कंपनीने कबूल केलं. म्हणून तुमच्या नोटिशीत रकमेच्या आधी मी हे शोधेन: कंपनी यापुढे काय बंद करणार आहे? पिक्सेल काढणार आहे का? मला त्या कलमाचं मोल तीस डॉलरांहून जास्त वाटतं.

मग तुमच्यासमोर वाटा कोणत्या? फॉर्म भरायचा, ही एक. गटातून बाहेर पडायचं, म्हणजे मुदतीत लेखी कळवायचं की मला यात धरू नका, ही दुसरी. असं केलं तर पैसे मिळत नाहीत, पण स्वतंत्र दावा लावण्याचा हक्क उरतो. वर सांगितलेले निकाल लक्षात घेता आणि या कायद्यात कृत्य घडल्यापासून किंवा ते कळल्यापासून दोनच वर्षांची मुदत असल्याने, हाताशी वकील तयार असल्याशिवाय ही वाट मी सुचवणार नाही. त्यात अनेक सेवांच्या अटींमध्ये कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं कलम असतं, तेही आड येतं. तिसरी वाट म्हणजे गटात राहून न्यायाधीशांना लिहिणं की ही तडजोड मला अन्यायाची वाटते आणि का. हिचा वापर फार थोडे लोक करतात. अंतिम मंजुरीच्या सुनावणीत न्यायाधीशांना अशी पत्रं विचारात घ्यावी लागतात. फक्त एक ध्यानात ठेवा, असं पत्र नावानिशी असतं आणि कोर्टाच्या नोंदीत जातं. त्यामुळे त्यात काय बघत होते ते लिहू नका. रक्कम तोकडी आहे, पिक्सेल काढण्याची हमी नाही, एवढं म्हणणं पुरेसं आहे. आक्षेप घेऊनही फॉर्म भरता येतो.

आणि चौथी, ज्या वाटेवर तुम्ही तीन आठवडे उभ्या आहात. काहीच केलं नाही तर मंजुरीनंतर तडजोड तुम्हाला लागू होते, या बाबतीत पुन्हा दावा करण्याचा हक्क जातो, आणि पैसेही मिळत नाहीत. म्हणजे गप्प बसून तुम्ही कंपनीला तेच देता जे फॉर्म भरून दिलं असतं, फक्त बदल्यात काहीही न घेता. बहुतेक लोक हेच करतात. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये १४९ सेटलमेंटचा अभ्यास केला, त्यात क्लेम भरणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ९ टक्केच निघालं. मीही एकदा असा मेल जाहिरात समजून टाकून दिला होता आणि मुदत गेल्यावर तो खरा असल्याचं कळलं. रक्कम थोडी होती, पण आपल्याला विचारलं होतं आणि आपण उत्तरच दिलं नाही, ही चुटपुट राहिली.

तेव्हा माझं मत विचाराल तर फॉर्म भरा. दुःख विकल्यासारखं वाटतं म्हणता, पण त्या फॉर्ममध्ये दुःखाचा उल्लेखच नाही. माझ्याबद्दलची माहिती माझ्या परवानगीशिवाय दिली गेली, असा तुमचा दावा आहे, एवढंच त्यात आहे. विक्री झाली असेल तर ती दोन वर्षांपूर्वी, आणि ती तुम्ही केली नव्हती. मात्र एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. तडजोडीत कंपन्या सहसा चूक कबूल करत नाहीत. 'आमचं चुकलं' हे वाक्य तुम्हाला त्या कागदात सापडणार नाही. शिवाय नणंदेला दिसलेली जाहिरात याच सेवेमुळे आली असंही खात्रीने सांगता येत नाही. त्या महिन्यांत तुम्ही गरोदरपणाचं एखादं अ‍ॅप वापरलं असेल, दुकानाच्या वेबसाइटवर काही पाहिलं असेल, तिथूनही माग लागू शकतो.

म्हणून फॉर्मइतकंच महत्त्वाचं काम घरात आहे. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये, मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) बाहेरच्या वेबसाइटवरच्या तुमच्या हालचालींची यादी दिसते. ती एकदा शांतपणे बघा, पुसा आणि पुढची जोडणी तोडून टाका. यादी बघताना त्रास होईल, शक्यतो दिवसा बघा. ज्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघता त्यात फेसबुकला लॉगइन राहू नका, आणि तिसऱ्या पक्षाच्या कुकी, म्हणजे इतर कंपन्या माग काढण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या फाइली, बंद करा. टीव्हीकडेही लक्ष असू द्या. २०१७ मध्ये विझिओ या टीव्ही कंपनीने सेकंदासेकंदाला पडद्यावर काय चाललंय याची नोंद ग्राहकांना न कळवता घेतली म्हणून फेडरल ट्रेड कमिशन आणि तुमच्याच न्यू जर्सीच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कारवाईत २२ लाख डॉलर भरण्याचं कबूल केलं. वेगवेगळ्या टीव्हींत या सोयीची नावं वेगळी असतात, पण सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या खाली ती बंद करता येते. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या टॅबलेटवरही हे करून द्या, आणि पैसे मागणाऱ्या 'सेटलमेंट' मेलबद्दल त्यांना आधीच सांगून ठेवा.

भावाला सांगा की नोटिशीत गटाची व्याख्या वाच. ती बहुतेक वेळा त्या काळात अमेरिकेत असलेल्या ग्राहकांपुरती असते, म्हणजे त्याला मिळणार नाहीत. भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा आहे आणि त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही, आणि त्यावर मी वेगळं लिहीन.

राहिले तुमचे यजमान. ते बाळ त्यांचंही होतं. भारतात न कळवण्याचा निर्णय तुम्ही दोघांनी घेतलात, मग रात्री जागं राहणं मात्र एकटीच्या वाट्याला का आलं? कदाचित तेही कुठल्या तरी पडद्यासमोर जागे असतील. क्लेम भरण्यासाठी त्यांची परवानगी लागत नाही आणि तुम्ही काय पाहिलंत हे सांगण्याची सक्तीही नाही. पण 'लपवण्यासारखं काय आहे' असं ते पुन्हा म्हणाले, तर कायद्याचं काही सांगत बसू नका. नणंदेने विचारलेला प्रश्न त्यांना सांगा, बस.

आज नोटीस काढून तीन तारखा कॅलेंडरवर लिहा: बाहेर पडण्याची, आक्षेपाची आणि क्लेमची. त्या बहुधा वेगवेगळ्या असतात, आणि तीन आठवडे गेले आहेत. नणंदेला त्या दिवशी काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. सांगावंसं वाटलं तर लिहा, ते इथे छापणार नाही.